दुर्बिणीसमोरचा उजेड
अंत्यविधीनंतरच्या दुपारी, पठारावरील दुर्बिणीच्या खोलीत दीर-भावजय पडद्यासमोर बसली होती. टेबलावर तिच्या नवऱ्याचा टॉर्च होता. दरीतून तो त्याच्या देहासोबतच वर आला होता. वैश्विक किरणाने आकाशात उमटवलेली रेघ निमिषात विझते. म्हणून त्याहून जास्त वेळ रेंगाळणारा प्रत्येक उजेड कचरा समजून वगळावा, असे नवऱ्यानेच आपल्या स्वस्त दुर्बिणीला शिकवले होते. त्यामुळे तो दरीत कोसळला त्या रात्री दोघांसमोरचा पडदा कोराच राहिला. आता दिराने वगळलेला कचरा उघडला. चौकटीच्या तळाशी, दरीची कड दिसत होती तिथे, एक ठिपका पेटत होता, विझत होता, पहाटेकडे मंदावत होता. “शेवटी किरण सापडला ना हो त्यांना, भावोजी? सारा जन्म तेच तुणतुणं होतं.” “वहिनी, टॉर्चमध्ये सेल नवे होते?” “मीच घातले होते, संध्याकाळी.” त्याने कळ दाबली. टॉर्च पेटला नाही. “किरण नव्हे. दादा रात्रभर आपल्याला बोलावत होता.”