दारावरची तारीख

हिवताप खात्यातल्या महिपतीने दर पंधरवड्याला मावळात घरोघरी ताप विचारावा आणि दारावर गेरूने तारीख घालावी, असा नियम होता. सहा वर्षांत त्याची एकही फेरी चुकली नाही. मग त्याच्या फेरीतलं एक गाव धरणात बुडालं आणि नव्या साहेबांनी नोटीस काढली: चाळीस दारांवर तारीख नाही, नोकरीवरून का काढू नये? “साहेब, दारं पाण्याखाली आहेत.” “होडीसाठी अर्ज केलास?” दुसऱ्या दिवशी त्याच गावच्या पुतळाबाईने घर बुडण्याआधी काढून ठेवलेलं दार बैलगाडीने कचेरीत आणलं आणि मागून उभं धरलं. “मोजा, सायेब. येकबी खाडा न्हाई.” साहेबांनी सगळ्या तारखा मोजून नोटीस फाडली. मग म्हणाले, “आजची राहिलीय.” महिपतीने गेरू काढला, पण सवयीने आधी कडी वाजवली. “घरात कुणाला ताप?” दारामागून पुतळाबाई म्हणाली, “ताप न्हाई, बाबा. आता घरबी न्हाई.”