मोक्याची भिंत

"यात आपल्या पक्षाच्या काळ्या सदऱ्यातला एकही माणूस नाही," सेक्रेटरी मालिन्वेर्नी म्हणाले आणि चित्रापासून दोन पावलं मागे सरले.

"भाताच्या निंदणीला काळा सदरा घालून कोण येणार, साहेब? गुडघाभर पाणी असतं," ओत्ताविया म्हणाली.

"राष्ट्र पाण्यातही असतं, बाई."

ओत्तावियाने हातातली पटाशी पुसून ठेवून दिली.

इटलीतल्या व्हेरचेल्लीत फॅसिस्ट पक्षाने 'स्त्री आणि श्रम' नावाचं प्रदर्शन योजलं होतं. स्त्रीची जागा पाळण्यापाशी, असं पक्षाचं ठाम मत होतं. पण भात निंदायला पुरुष जास्त मजुरी मागतात आणि कमी वाकतात, म्हणून उन्हाळ्यापुरती या मताला सुटी असे. यंदा बायकांची मजुरी पुन्हा कापली होती. त्यामुळे त्यांचा गौरव करणं निकडीचं झालं होतं.

ओत्तावियाचं चित्र लाकडावर कोरून छापलेलं होतं, दाराएवढं उंच. वाकलेल्या बायकांची रांग. चेहरे नाहीतच, नुसत्या गवती टोप्या, पाठी आणि पोटऱ्या. मागे मुकादमाची लांब काठी. भाताच्या ओळी जोडीजोडीने चित्राच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेल्या, आणि बायकांची पाण्यातली प्रतिबिंबं त्या ओळींवर आडवी पडलेली.

शहरातल्या माणसाला ते भाताचं खाचर दिसलं असतं. कामाचा दिवस आठ तासांचा व्हावा म्हणून झालेल्या संपात जी बाई होती, तिला मात्र रूळ दिसले असते. तेव्हा बदली मजुरांनी भरलेली गाडी येत होती आणि बायका रुळांवर आडव्या झोपल्या होत्या. गाडी थांबली होती. आता तो संप शाळेच्या पुस्तकात नव्हता. गुत्त्यात त्याचं नाव काढणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कामावर घेत नसत. ओत्तावियाची आई त्या रुळांवर झोपलेल्यांतली. ती गेल्यावर हे सांगणारं घरात कुणी उरलं नाही, म्हणून ओत्ताविया कोरायला बसली. आज मुकाट वाकणाऱ्या पोरींना एवढंच कळावं, की एकदा आपण गाडी थांबवली होती.

चित्रासाठी नमुना म्हणून वाकून उभी राहिली होती झेलिंदा. तीही तेव्हा रुळांवर होती. आता पन्नाशी उलटली होती, तरी निंदणी सुटली नव्हती.

"कळेल का गं त्यांना?" ओत्तावियाने तिला विचारलं.

"पोरींना? त्यांना भूक लागलेली कळायलाही मुकादमाची परवानगी लागते." झेलिंदाने कंबर चोळली. "म्हाताऱ्यांना कळेल. अंगाखालचा रूळ कोण विसरेल? मेला इतका गार असतो. पोरींना मी सांगेन कानात. तू रडू नकोस म्हणजे झालं. तुझी आई रडायची नाही, शिव्या द्यायची."

सेक्रेटरीसाहेब पुन्हा आले. उद्घाटनाला बिशप येणार, तेव्हा पोटऱ्या फार उघड्या आहेत म्हणाले. ओत्तावियाने पोटऱ्यांवर आडव्या रेघा कोरून मोजे चढवले. 'निंदणी' हे नाव साहेबांना शेतकी खात्याचं वाटलं. त्यांनी 'राष्ट्राचा घास' सुचवलं, तिने मान डोलावली. मग ते बराच वेळ चित्रापुढे उभे राहिले.

"या ओळी इतक्या सरळ कशा?"

ओत्तावियाने पटाशी पुन्हा पुसायला घेतली. "हल्ली दोरी धरून लावतात, साहेब."

"शिस्त," साहेब खूश होऊन म्हणाले. "छान. तुम्हाला मोक्याची भिंत देतो. बिचाऱ्या दमून येतील, समोर बाकही ठेवतो."

ते गेल्यावर ओत्ताविया हसली. इतकं हसणं बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

रविवारी पक्षाने बायकांना फुकट गाडीने आणलं. दारातच प्रत्येकीला पाव आणि सॉसेजचा तुकडा मिळाला. भिंतींवर गुबगुबीत बाळं आणि त्यांच्या गुबगुबीत आया होत्या.

"काय खातात गं या?"

"आपली मजुरी."

ओत्ताविया खांबाआड उभी होती. पोरींचा एक घोळका 'राष्ट्राचा घास'पुढे आला. "ही बघ माझ्या सासूची पाठ," एकजण म्हणाली. सगळ्या खिदळल्या आणि पुढे गेल्या. दुसरा घोळका तर थांबलाही नाही.

मग पिकल्या केसांची एक बाई थबकली. तिच्या हातातला पाव खाली आला. तिने शेजारणीची बाही ओढली. दोघी बाकावर बसल्या. मागून झेलिंदा आली. तिने एका कोवळ्या पोरीला जवळ घेऊन कानात काही सांगितलं. पोरीने चित्राकडे पाहिलं, मग झेलिंदाकडे, आणि हळूच तिच्या पाठीवर तळहात ठेवला. आणखी दोघी थांबल्या. मग आणखी काही. सगळ्या गप्प होत्या, आणि ती गप्प राहण्याची तऱ्हा ओत्ताविया आईकडून ओळखत होती.

मुख्य दाराशी पावासाठी गर्दी झाली होती. एक नम्र तरुण थांबलेल्या बायकांना बाजूच्या दाराने वाट करून देत होता. "सावकाश, आजी, पायरी आहे."

ओत्ताविया रडली. शिव्या तिला जमल्या नाहीत.

गाडी सुटायच्या सुमारास सेक्रेटरीसाहेब स्वतः तिच्यापाशी आले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तिचा हात धरला.

"अभिनंदन, बाई. मनापासून."

"आवडलं त्यांना?" तिने डोळे पुसत विचारलं. "झेलिंदा दिसली नाही कुठे. गाडीत बसली का ती?"

"नाही, ती आत आहे. ज्यांना ज्यांना चित्र कळलं, त्या सगळ्याच आत आहेत," साहेब म्हणाले. "आमची माणसं वर्षानुवर्षं गावोगाव विचारत फिरली, रुळांवरच्या एकीचंही नाव हाती लागलं नव्हतं. पुढच्या रविवारी आपण हे शेजारच्या नोव्हाराला लावू."