फुकटचा रंग

सूपच्या वाट्या उचलल्या गेल्या, पाणीपुरवठा मंत्री माइकपाशी आले आणि चिमटेकाकांनी हातातला चमचा खाली ठेवला. आता त्यांना जेवण सुचणार नव्हतं.

पत्रकार संघाचं वार्षिक जेवण होतं. त्या संध्याकाळी मंत्र्यांनी पत्रकारांची टिंगल करायची, पत्रकारांनी मंत्र्यांची, आणि कुणीच मनावर घ्यायचं नाही. टेबलावर बोललेलं एक अक्षरही छापायचं नाही, हा अलिखित नियम. वर्षभर एकमेकांची उणीदुणी काढणारी माणसं एक संध्याकाळ एकत्र हसली तर कुणाचं काय बिघडतं, असं काकांचं मत. 'चिमटा' हे सदर लिहिता लिहिता त्यांना हे नाव चिकटलं होतं. खरं नाव आता फक्त घराच्या पाटीवर उरलं होतं.

"आधीच्यांनी नुसते नळ दिले," मंत्री म्हणाले. "आम्ही नळाला पाणी दिलं." ते थांबले. इकडे काकांचे ओठ आधीच हलले. "वर रंगही दिला. तोही फुकट."

असा काही हशा पिकला, की वाढपीसुद्धा हसायला लागले. काका तर पोट धरून हसले. आपल्याच वाक्याला आपण हसू नये एवढं त्यांना कळत होतं, पण करणार काय? मंत्र्यांचं या जेवणातलं भाषण दरवर्षी काकाच लिहून द्यायचे. कशाच्या लोभानं नाही. एवढी मोठमोठी माणसं आपल्या वाक्याला हसतात, यानंच त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. अट एकच होती: माझं नाव कुठे येता कामा नये. मंत्र्यांच्या सचिवानं ती इमानानं पाळली होती.

शेजारी बसलेली त्यांची मुलगी मात्र हसली नाही. ती दुसऱ्या एका वर्तमानपत्रात वार्ताहर होती. नव्या जलशुद्धीकरण केंद्राचं पिवळट पाणी पिऊन एका वस्तीतली मुलं काविळीनं आजारी पडली होती, आणि त्या बातमीमागे ती हात धुऊन लागली होती. काकांना ते ठाऊक होतं. पण एका वाक्यानं काय होतंय, असं लिहिताना त्यांना वाटलं होतं.

"अगं, गंमत असते ती," काका म्हणाले. "एवढं तोंड पाडून काय बसतेस?"

"बाबा, माझ्या लहानपणी आपल्या नळाला गंजाचं पाणी यायचं. मी आंघोळ नको म्हणून रडायचे. तेव्हा तू काय म्हणायचास, आठवतंय?"

काकांना चांगलंच आठवत होतं. अगं वेडे, रंग फुकट मिळालाय, चित्र काढ. त्यांनी पेला तोंडाला लावला आणि पाणी संपलं तरी खाली ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंत्र्यांची पत्रकार परिषद होती. वार्ताहरांचा एक जुना रिवाज होता. मंत्र्यानं कुणाचा प्रश्न टाळला, तर पुढच्यानं आपला प्रश्न बाजूला ठेवून तोच पुन्हा विचारायचा, उत्तर मिळेपर्यंत. या रिवाजापुढे भल्याभल्यांनी हात टेकले होते.

मुलगी उभी राहिली. "केंद्रातली गाळण आणि क्लोरीन, दोन्ही बंद होती. तरी वस्तीला पाणी सोडायचा आदेश कुणी दिला? मुलं अजून दवाखान्यात आहेत."

मंत्र्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग सगळ्यांकडे. "काल सांगितलं की," ते हसून म्हणाले. "आम्ही रंग दिला. तोही फुकट."

सगळे हसले. काल ज्या वाक्यावर टाळ्या दिल्या, त्यावर आज डोळे कसे वटारणार? प्रश्न हसण्यावारी गेला. पहिल्या रांगेतला वार्ताहर उठला आणि त्यानं नव्या धरणाच्या उद्घाटनाचं विचारलं. मुलगी उभीच होती. तिचे कान लाल झालेले मागच्या रांगेत बसलेल्या काकांनाही दिसत होते. जेवणासाठी दिलेलं वाक्य इथं उत्तर म्हणून वाढलं जाईल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"चिमटेकाका, आता तुम्ही विचारा," मंत्री म्हणाले. "सकाळी सकाळी जरा हसवा आम्हाला."

काका पत्रकार परिषदेत कधी प्रश्न विचारत नसत. सदराला मसाला मिळावा म्हणून येऊन बसायचे, एवढंच. ते खुर्चीला धरून उठले.

"साहेब, त्या वस्तीला पाणी सोडायचा आदेश कुणी दिला?"

मंत्र्यांचं हसू जागचं हललं नाही. "तुम्हीसुद्धा? अहो, काल सगळ्यात जास्त तुम्हीच हसलात."

"हसलो. वाक्य माझं होतं म्हणून हसलो. दरवर्षीचं सगळं भाषणच माझं असतं. पण मी तुम्हाला विनोद लिहून दिला होता, साहेब. उत्तर नव्हतं दिलं."

सचिव आपल्या बुटांकडे बघू लागला. आपलं सदर आज संपलं, उद्यापासून लोक आपल्याला मंत्र्याचा माणूस म्हणणार, हे काकांना कळत होतं. त्यांना लाज वाटली. मुलीसमोर तर फारच वाटली.

धरणाचं विचारणारा वार्ताहर पुन्हा उभा राहिला. "साहेब, माझाही तोच प्रश्न."

मुलगी वळली. एरवी काकांना अरे-तुरे करणारी ती, आता पेन उघडून त्यांच्याकडे एखाद्या अनोळखी माणसाकडे पाहावं तशी पाहत होती.

"कालच्या जेवणातलं छापता येत नाही," ती म्हणाली. "पण तुम्ही आत्ता बोललात, ते छापू का?"

"छाप," काका म्हणाले. "माझ्या खऱ्या नावासकट."