शनिवारची प्लेट

वाहन नोंदणी कचेरीच्या अंगणात मी नव्या गाड्यांना नंबरप्लेट बसवतो. उद्या विजेवरच्या किती गाड्या येतील, याचा अंदाज माझी लेक वरच्या खोलीत संगणकावर काढते. तेवढ्याच प्लेटा छापून येतात.

आधी ती जुन्या गणिताने अंदाज काढायची. पाच-दहा इकडेतिकडे व्हायचे. मग तिने संगणकाला मागच्या सगळ्या नोंदी शिकवल्या. तेव्हापासून आकडा तंतोतंत जुळतो. फक्त शनिवारी एक प्लेट उरते.

पहिल्या शनिवारी उरलेली प्लेट पेटीतून नाहीशी झाली आणि कारकुनाच्या स्कूटरवर दिसली. त्याला ती मीच केलेली थट्टा वाटली. "काका, या वयात हे धंदे!" म्हणून हसत तो घरी निघाला, तो पोचलाच नाही. दुसऱ्या शनिवारी चौकीदाराचं तेच झालं.

"पोरी, आकडा एकने कमी कर ना."

"केला, बाबा. छापायला जाताना तो परत तेवढाच होतो."

आज शनिवार. उरलेली प्लेट मी दुपारपासून, नंबरही न बघता, सदऱ्याच्या आत पोटाशी धरून ठेवली होती. पाच वाजता लेक तिची विजेची स्कूटर घेऊन फाटकात थांबली.

"बसा मागे. भुकेने जीव चाललाय."

हायसं वाटून मी प्लेट बाहेर काढली. तिच्यावर लेकीच्या स्कूटरचा नंबर होता. त्याच नंबरावर तिने मला अंक वाचायला शिकवलं होतं.

"उतर!" मी ओरडलो.

त्या गाडीला आवाज नसतो. मान वर केली तेव्हा फाटक रिकामं होतं.