पालथं घड्याळ

त्या पत्राला सेवेरिनोनं कधीच उत्तर दिलं नव्हतं. प्रकाशकाकडून आलेल्या त्या पाकिटावर मार्गा दे ऑलिव्हा या बाईंचं नाव होतं. प्रेमकथा लिहिताना सेवेरिनो ही बाई व्हायचा. आत चार ओळी होत्या. बाई, तुम्ही, तो पिस्तुलांच्या गोष्टींवाला हॅरी क्वेंटन आणि अंतराळवाला डॉक्टर झेनर, तिघं एकच आहात. तिघांच्याही गोष्टींत माणूस खरं बोलण्याआधी खिशातलं घड्याळ काढून टेबलावर पालथं ठेवतो. आमच्या गावच्या शाळेत एक मास्तर असं करायचे. ते तुम्हीच असाल तर पुढच्या पुस्तकात घड्याळ ठेवा, मी समजेन.

खाली पत्ता नव्हता. सहीच्या जागी पेन्सिलीनं काढलेला छोटा मासा होता.

सेवेरिनोनं पत्र शेगडीत घातलं. स्पेनमधल्या यादवी युद्धानंतर जनरलच्या सरकारला ज्या मास्तरांना तुरुंगात टाकायचं होतं त्यांत त्याचं नाव होतं, आणि तेव्हापासून तो दुसऱ्याच आडनावानं सारागोसात राहत होता. असा प्रश्न जुना विद्यार्थी विचारतो, तसा पोलिसही विचारतो. त्यानं पुढच्या सगळ्या गोष्टींतून घड्याळं काढून टाकली.

आज तो तोमासाबाईंच्या दुकानात उभा होता. इथं वाचलेलं पुस्तक द्यायचं, वर थोडी चिल्लर ठेवायची आणि दुसरं न्यायचं. तीच गोष्ट पुन्हा घरी जाऊ नये म्हणून जो तो वाचलेल्या पुस्तकात आपली खूण करी. कुणाची फुली, कुणाचं आद्याक्षर. सेवेरिनो वाचायला येत नसे. आपल्या पुस्तकांच्या कडा किती मळल्यात ते बघायला येई, आणि त्या कधीच त्याला पुरेशा मळलेल्या वाटत नसत.

त्यानं क्वेंटनचं एक जुनं पुस्तक उघडलं. शेरीफ घड्याळ पालथं ठेवतो, त्या पानावर मासा होता. मार्गाबाईंच्या प्रेमकथेत होता. डॉक्टर झेनरच्या यानातही होता.

"एवढं काय शोधताय?" तोमासाबाईंनी सूर्यफुलाच्या बीचं टरफल तळहातावर काढत विचारलं. "पानं फाडणारे मला लगेच ओळखू येतात हं."

"हा मासा कुणाचा?"

"का? पोलिसात आहात?" त्या हसल्या. "मग तुमच्याच माणसाला विचारा की. तो बघा, आलाच."

दारातून गणवेशातला माणूस आत आला. पन्नाशीचा, जाडसर, काखेत चकचकीत काळी टोपी. जनरल मरून वर्ष झालं होतं, पण टोप्या त्याच होत्या. सेवेरिनोनं पुस्तक मिटलं आणि ढिगावर ठेवलं.

"हे घ्या," हवालदार म्हणाला आणि त्यानं क्वेंटनचं एक नवं पुस्तक गल्ल्यावर टाकलं. "अगदीच बेकार."

"का, कुणी मेलं नाही का?"

"मेले की, नऊ जण." तो बाकावर टेकला. "पूर्वी याच्या गोष्टीत माणूस खरं बोलायच्या आधी घड्याळ काढून पालथं ठेवायचा. मग यानं ते बंदच करून टाकलं. तेव्हापासून याचे सगळे लोक खोटं बोलतात. शेरीफसुद्धा."

"अहो, तो लिहिणारा बसलाय तिकडं अमेरिकेत. त्याला काय ऐकू जाणारे तुमचं?"

"अमेरिकेत," हवालदार म्हणाला. "असेल."

त्याची नजर सेवेरिनोच्या कोटावर आली. कोटाखालून जाकिटाच्या खिशात जाणारी साखळी दिसत होती. सेवेरिनोचा हात आपोआप तिच्यावर गेला.

"आजोबा, किती वाजले?"

तोमासाबाईंनी बी फोडायचं थांबवलं.

"बंद पडलंय," सेवेरिनो म्हणाला.

हवालदारानं किंचित मान कलती केली, वर्गात मागच्या बाकावरून ऐकावं तशी. "आवाज तर चांगला येतोय," तो म्हणाला. मग उठला, टोपी घातली आणि दुसरं काही न नेताच निघून गेला.

सेवेरिनो थोडा वेळ दाराकडे बघत राहिला. कुणी परत आलं नाही. मग त्यानं ते जुनं पुस्तक पुन्हा उघडलं. मघाशी घाईत त्याला एकच मासा दिसला होता. पानावर तीन होते, एकाखाली एक. पुन्हा वाचावं लागू नये म्हणून खूण करायची, आणि या माणसानं तीनदा केली होती.

पुरावा गोळा करणाराही एकच पान पुन्हा पुन्हा बघतो, सेवेरिनोच्या मनात आलं. मागच्या बाकावर किती मुलं बसायची. त्यातला हा कोण, ते काही केल्या आठवेना.

गल्ल्याला दोरीनं बांधलेली पेन्सिल त्यानं ओढून घेतली. तिसऱ्या माशाखाली एक वर्तुळ काढलं आणि वर साखळीची कडी. आत आकडे काढले नाहीत, काटेही नाहीत. वर्तुळ एका बाजूला चेपलं. खोडायला रबर नव्हतं.

"हे नेताय?" तोमासाबाईंनी विचारलं.

"नाही. हवालदारांसाठी ठेवा."

त्यांनी पुस्तक उघडून पाहिलं. "हे तर त्यांचं वाचून झालंय. मासे बघा की."

"तरी खूण बघायला उघडतील ना?"

"ते? एकेक उघडतात. माझा अख्खा शनिवार खातात."

"मग अगदी वर ठेवा," सेवेरिनो म्हणाला, आणि त्यांनी ते ढिगावर ठेवेपर्यंत तो तिथंच उभा राहिला.