खांद्यावरचा पंचा

तान्ह्या बाळासाठी घरीच राहणारी बाई ठेवायची म्हणून दोघींना बोलावलं होतं. पहिलीने खांद्यावर मऊ पंचा टाकून बाळाला घेतलं आणि सकाळपासून घर डोक्यावर घेणारं पोरगं तिथेच झोपलं. आईच्या पोटात दुखलं. “कळवतो तुम्हाला,” ती तुटकपणे म्हणाली. दुसरीने उचलताच बाळाने टाहो फोडला. आईचा जीव भांड्यात पडला. “हीच ठेवायची!” “अगं, पहिली सोन्यासारखी होती,” नवरा कुजबुजला. “मग तिच्याकडेच जा राहायला!” संध्याकाळी बाळाने भोकाड पसरलं. नवी बाई, बाप, आई, सगळ्यांनी हात टेकले. शेवटी आईने पहिलीचा राहून गेलेला पंचा खांद्यावर टाकला. बाळाने त्यात नाक खुपसून डोळे मिटले. फोन वाजला. “ताई, माझा पंचा राहिलाय का तिथे?” बाळ उठू नये म्हणून आई हळूच म्हणाली, “नाही हो, इथे तुमचं काहीच नाही.”