बिनइंजिनाची होडी

वैजनाथनं दोर ताणला. मघापासून फडफडणारं शीड वाऱ्यानं गच्च भरलं आणि आवाज एकदम थांबला. होडी जराशी कलली आणि गुमान पाणी कापत निघाली. पुढं पाठमोऱ्या बसलेल्या बायकोचं, तारामतीचं बोलणं त्याच घडीला उघड्यावर पडलं.

"...आजपण डबा तसाच माघारी आणलास तर बघ हं, अक्षदा. परीक्षा तोंडावर आलीय."

वैजनाथच्या हातातून दोर सुटता सुटता राहिला. तारामती गप झाली. तिनं मान वळवली नाही, पण तिचे खांदे आखडलेले त्याला मागून दिसले.

अक्षदा त्यांची थोरली. चालायला लागली न लागली तोच तापानं गेली, त्याला आता चौदा वर्षं होत आली. तेव्हाच वैजनाथच्या आईनं, धुरपदाबाईनं, घरात सगळ्यांना दम भरला होता. गेलेल्या लेकराचं नाव काढायचं नाही. नाव काढलं की त्याचा जीव उंबऱ्याशी घोटाळतो आणि पुढच्या लेकराला ते बाधतं. पुढं रणधीर झाला, मग तर विषयच मिटला. झबली, टोपरी, पाळणा, सगळं कुणाकुणाला देऊन टाकलं. बायको विसरली, बरं झालं, असं वैजनाथ धरून चालला होता. पुरुषाचं काय, सोयीचं असेल ते त्याला खरं वाटतं.

त्याचं घर बोरी नदीच्या पाण्याच्या पल्याड, वस्तीवर. रोज सकाळी नवरा-बायको बोटीनं अल्याड यायचे. तो नळदुर्गचा किल्ला बघायला आलेल्या लोकांना पाण्यात फिरवायचा, ती काठावर उकडलेल्या शेंगा विकायची. बोट इंजिनाची. इंजिन असं दांडगं, की शेजारी बसून बोंब मारली तरी ऐकू येऊ नये. तारामती पुढं बसायची आणि काठ येईस्तोवर तिचे ओठ हलत राहायचे. वैजनाथला वाटायचं, बाई जप करतेय. लोकांना कौतुकानं सांगायचा, आमची कारभारीण लई देवाची हाय. कधी तिनं हात हलवला तर हासुद्धा मागून मान डोलवायचा, व्हय व्हय म्हणायचा.

शिडाच्या होडीचं वेड त्याला मोबाइलवरच्या व्हिडिओंमुळं लागलं. बघून बघून झोप उडाली. इंजिनानं कान तर रात्रंदिवस घणघणायचेच. शेवटी पुण्याकडच्या एका क्लबातली जुनी होडी त्यानं हैदराबादला जाणाऱ्या ट्रकवर घालून आणली आणि हायवेवर सिद्रामप्पाच्या ढाब्यापुढं उतरवली. शीड फाटलेलं होतं, ते ट्रकच्या ताडपत्र्या शिवणाऱ्याकडून ठिगळं लावून घेतलं. शिडाचा खांब वाकलेला होता, तो ट्रकची बॉडी बांधणाऱ्या कारखान्यात सरळ करून आणला. दोर बैलबाजारातले. सिद्रामप्पा म्हणाला, इतकी वर्षं तेलावर चालणारा गडी आता वाऱ्याच्या भरवशावर निघाला, पोचला तर पोचला. सगळा ढाबा हसला. वैजनाथ एकटा शिकला, पाण्यात पडला, पुन्हा चढला. आणि हात बसला तशी त्यानं जुनी बोट इंजिनासकट विकून टाकली.

तारामती तेव्हा एवढंच म्हणाली होती, की इंजिन तेवढं राहू द्या. अडाणी बाई, नव्याला बिचकते, असं त्याला वाटलं. त्यानं तिला समजावलं, की आता कटकट नाही, तुझा जप कसा निवांत होईल. ती उठून भाकरी थापायला गेली.

आज ती नव्या होडीत पहिल्यांदाच बसली होती. निघताना शीड एवढं कडाडत होतं, की तिला ते इंजिनासारखंच वाटलं असेल आणि सवयीनं तोंड उघडलं असेल.

आधी वैजनाथ भ्यालाच. आईचा शब्द आठवला, रणधीर आठवला. मग हळूहळू डोक्यात उजेड पडला. त्याच्या बोटीत, त्याच्या डोळ्यांदेखत, रोज सकाळी ही बाई लेकीला वाढवत होती. तिला शाळेत घालत होती, रागवत होती, जेवू घालत होती. आणि तो मागं बसून मान डोलवत होता.

तारामती पाण्याकडं बघत हळूच म्हणाली, "हितं तर समदं ऐकू येतंय. आता म्या बोलू कुठं?"

काठ जवळ येत चालला होता. शेंगांची पाटी उतरवायला कुणीतरी पुढं आलं असतं, लोक जमले असते, आणि ही गोष्ट पुन्हा कायमची मिटली असती. नाहीतर दोर ढिला सोडायचा. शीड फडफडलं असतं, सगळं झाकून गेलं असतं, आणि आपण काही ऐकलंच नाही असं दोघांनाही म्हणता आलं असतं. वैजनाथच्या मनात ते येऊनही गेलं.

त्यानं दोर हाताला वेढून घट्ट धरला, सुकाणू फिरवलं आणि होडी काठापासून लांब, पुन्हा मधल्या पाण्याकडं वळवली. ते नाव लेक गेली त्या दिवसानंतर त्याच्या जिभेवर आलंच नव्हतं.

"अक्षदा," तो म्हणाला. "कितवीला हाय आता?"

तारामती वळली. तिनं पदरानं डोळे पुसले.

"दहावीला," ती म्हणाली. "गणितात लई कच्ची. तुमच्यावर गेलीय."